चालता लॅपटॉप भंगारात देऊ नका!

पूनम सागरमधील रहिवाशांनो,

'यावर विंडोज 11 चालणार नाही, नवा घ्या' असे दुकानात ऐकून हिरमुसून परतलेला माणूस आता प्रत्येक विंगेत सापडेल. अहो, लॅपटॉप सुरू होतो, स्क्रीन शाबूत आहे, कीबोर्ड ठणठणीत आहे. मग बिघडले काय? 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबवले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा; इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासूनचा. लॉकडाउनमध्ये मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप त्या यादीत नाही, एवढाच त्याचा गुन्हा! 2015 मध्ये याच कंपनीचा एक तंत्रज्ञ जाहीर परिषदेत विंडोज 10 ला शेवटची विंडोज म्हणाला होता.

दुकानदार सांगत नाही ते वाचा. पुष्कळ लॅपटॉपमध्ये टीपीएम असतो, फक्त बायोसच्या सेटिंगमध्ये बंद ठेवलेला असतो. कंपनीचे 'पीसी हेल्थ चेक' फुकट आहे. आधी ते चालवा. विंडोज 11 खरोखरच बसत नसेल तरी घरगुती ग्राहकांना विंडोज 10 चे सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत देण्याची योजना कंपनीनेच जाहीर केली. मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप ठेवला की पैसे लागत नाहीत. युरोपात ग्राहक संघटना ओरडल्या, तिथे बॅकअपची अटही गेली. आपण मात्र मुकाट नव्या लॅपटॉपचे हप्ते मोजायचे?

कायमचा उपाय म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम. नाव ऐकून घाबरू नका. केरळच्या सरकारी शाळांतली पोरे वर्षानुवर्षे त्यावरच शिकतात, आणि आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाचे लिनक्स तयार केले आहे. लिनक्स मिंट 4 जीबी रॅमवर नीट चालते, पैसे पडत नाहीत, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतो. पेनड्राइव्हवरून सुरू करून, आतल्या फायलींना हात न लावता, वाय-फाय आणि आवाज चालतो का ते पाहता येते. शिष्यवृत्तीचा फॉर्म असो की वीजबिल, सगळे ब्राउझरमध्येच तर उघडते! जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकलीत तर वेगातला फरक त्याच दिवशी कळेल.

टॅली, श्रीलिपी किंवा डिजिटल सहीच्या डोंगलवर ज्यांचे पोट आहे त्यांनी मात्र घाई करू नये. आमचा लिनक्सचा आग्रह त्यांच्यासाठी नाही.

थोड्या पैशांत 'क्रॅक' विंडोज टाकून देणाऱ्यापासून दूर राहा. ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकायचा, तिथे कुणा अनोळखी माणसाने कुलूप तोडून दिलेला माल नको. भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका: हार्ड डिस्कसोबत आधारच्या प्रती आणि घरचे फोटोही जातात. लॅपटॉप खरोखर मेला असेल तर डिस्क काढून घ्या आणि बाकीचा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या.

कमिट्यांना आमची मागणी आहे: एक रविवार सोसायटीचे ऑफिस उघडे ठेवा आणि कॉम्प्युटर शिकणाऱ्या आपल्याच मुलामुलींना मदतीला बसवा. रहिवाशांनो, फायलींची एक प्रत बाहेर काढून ठेवा आणि त्या दिवशी लॅपटॉप, चार्जर व 8 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घेऊन या. तोवर नव्या लॅपटॉपचे पैसे कुणालाही देऊ नका!