रुळांमागून आलेले गाव

आपल्याकडे आधी गाव असते, मग कधीतरी आगगाडी येते. अमेरिकेच्या गवताळ माळावर, म्हणजे प्रेअरीवर, उलटे घडले. शेतकऱ्याची घोडागाडी धान्य विकून दिवसाउजेडी घरी परतावी, अशा बेताने रेल्वे कंपन्यांनी स्टेशने टाकली आणि स्टेशनाभोवती गावे वसली.

तेव्हाच्या डकोटा प्रांतातले डी स्मेट हे असेच गाव. मुळात हा मुलूख डकोटा आदिवासींचा. १८८० साली रेल्वे आली आणि गावाचे प्लॉट पडले. १८६२ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळत. त्या ओढीने बिऱ्हाडे आली.

माळावर झाड नाही. कोळसा, रॉकेल, पीठ सारे गाडीनेच येई. त्याच वर्षी ऑक्टोबरात हिमवादळ झाले. पुढे जानेवारीत बर्फाखाली रूळ बुजले. गाडी थांबली ती थेट मे १८८१ पर्यंत! लोकांनी वाळल्या गवताचे पीळ करून चुली पेटवल्या, कॉफी दळायच्या यंत्रात गहू भरडून भाकरी केली. तोही सरत आला, तेव्हा दोन तरुण जिवावर उदार होऊन माळावरच्या एका शेतकऱ्याकडून गहू घेऊन आले. तेव्हा गावात असलेल्या लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेने हे पुढे लिहून ठेवले.

गाव रुळांनी वसवले, पण तगवले शेतकऱ्याच्या गव्हाने. सडक दारात आली, तरी कणगी रिकामी ठेवू नये ती यासाठीच.