विवाहाचा दाखला आणि मुलाचे हित

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहासंबंधी निकाल दिला आणि ९ जानेवारी २०२५ रोजी त्यावरील फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. न्यायालयापुरता हा प्रश्न तूर्त थांबला आहे. समाजापुरता तो थांबलेला नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात असे येईल की, जमीन, शिक्षण, नोकरी आणि अत्याचार हे प्रश्न आपल्या दाराशी उभे असता या वादात आपण का पडावे? हा शहरांतील सुखवस्तू लोकांचा छंद आहे, असे तर केंद्र सरकारनेही न्यायालयात सांगितले होते. या शंकेचे उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम निकाल काय आहे, ते नीट समजून घ्या. विवाह करण्याचा मूलभूत हक्क संविधानात नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा अर्थ ताणून त्यात समलिंगी जोडपी बसविता येणार नाहीत, याविषयी पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. मतभेद झाला तो पुढच्या प्रश्नांवर. अशा जोडप्यांच्या सहजीवनास कायद्याची मान्यता मिळावी आणि त्यांना एकत्रितपणे मूल दत्तक घेता यावे, असे सरन्यायाधीश चंद्रचूड व न्यायमूर्ती कौल यांचे मत पडले. न्यायमूर्ती भट, कोहली व नरसिंह यांनी ते मानले नाही. तिघांविरुद्ध दोघे, असा हा निर्णय आहे.

आता आपला संबंध पाहा. जातीचा उगम आपल्याच गटात विवाह करण्याच्या सक्तीत आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ साली आपल्या निबंधात सिद्ध केले आणि १९३६ साली जातिनाशाचा खरा उपाय म्हणून मिश्रविवाहाकडे बोट दाखविले. कोणी कोणाशी संसार करावा हे समाजाने ठरवावे, या एका हट्टावर जातीची सारी इमारत उभी आहे. ज्या विशेष विवाह कायद्याच्या दारात ही जोडपी उभी राहिली, त्याच दारात जात मोडून लग्न करणारी आपली मुले-मुलीही उभी राहतात. त्यांची नोटीस तीस दिवस लावली जाते, आणि तेवढ्या अवधीत नातलगांना काठ्या घेऊन येण्यास पुरेशी सवड मिळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपणां बौद्धांनाही लागू आहे. त्यातील सातव्या कलमाप्रमाणे विवाह रूढ विधींनी व्हावा लागतो, आणि रूढी म्हणजे दीर्घकाळ, अखंड व एकसारखी पाळली गेलेली चाल, अशी व्याख्या तिसऱ्या कलमात आहे. ज्यांनी १९५६ साली जुने विधी टाकून त्रिशरण-पंचशीलाने लग्ने लावली, त्यांनी दीर्घकाळाची चाल कोठून आणावी? आपला संसार खरा असून कायद्याच्या कागदावर तो संशयित ठरावा, ही अवस्था काय असते हे आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. म्हणूनच दुसऱ्याचा संसार संशयित ठरतो तेव्हा, ‘आम्हांला काय त्याचे?’ असे म्हणण्याची मोकळीक आपल्याला नाही.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू; आमच्या मते या वादाचे मर्म तेथेच आहे. आपल्या बालन्याय कायद्याप्रमाणे एकटी व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही, एवढेच. जोडप्याला मात्र दत्तक घ्यावयाचे असेल तर त्यांचा किमान दोन वर्षांचा स्थिर वैवाहिक संबंध असला पाहिजे, असे २०२२ च्या दत्तक विनियमांत म्हटले आहे. याचा परिणाम काय होतो, तो पाहा. समजा, दोन स्त्रिया एका घरात राहतात आणि त्यांपैकी एकीने मूल दत्तक घेतले. दोघी त्याला वाढवितात, शाळेत पोहोचवितात, आजारपणात रात्री जागतात. उद्या कायद्याची आई वारली, तर दुसरी त्या मुलाची कोण? कायद्याच्या दृष्टीने कोणीही नाही. तिच्या मिळकतीत मुलाला वारसाहक्क नाही, तिच्याकडे पोटगी मागता येत नाही, आणि मुलाचा ताबा मागावयाचा तर तिला परक्यासारखे न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. हा दंड कोणाला झाला? त्या दोघींना थोडा आणि निरपराध मुलाला पुष्कळ. ही अडचण बहुमताच्या निकालानेही ओळखली आहे. अशा कुटुंबांचे वास्तव ध्यानात घेऊन सरकारने व दत्तक प्राधिकरणाने विचार करावा, असे त्यात नमूद केले आहे.

‘मुलाला आई आणि बाप दोघेही हवेत,’ असा आक्षेप घेतला जातो. तो प्रामाणिकपणे घेतला जात असेल तर त्याचे उत्तर पुराव्याने दिले पाहिजे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ साली अभ्यासांचा आढावा घेऊन अशा कुटुंबांना विवाहाचे व दत्तकाचे हक्क असावेत, असे मत दिले. मुलाच्या वाढीला आधार लागतो तो स्थिर व प्रेमळ घराचा. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२३ साली विवाहाला व दत्तकाला पाठिंबा दिला. मात्र अशा मुलांना लोकांच्या हेटाळणीस तोंड द्यावे लागू शकेल, असा इशाराही दिला.

हेटाळणीचा हा मुद्दा आपण विशेष बारकाईने तपासला पाहिजे. शाळेत मुलाला लोक हिणवतील, म्हणून त्याला असे घर देऊ नये, असे म्हणणारांना आम्ही विचारतो: आपली मुले शाळेत हिणविली गेली नाहीत काय? त्यांना वर्गाबाहेर बसविले गेले नाही काय? त्यावर उपाय म्हणून आपल्या आईबापांनी मुलेच होऊ देऊ नयेत, असे कोणी सुचविले असते तर आपण काय म्हटले असते? दोष हिणविणाराचा असतो. तो हिणविल्या जाणाराच्या जन्मावर ढकलणे ही जुनी मनुवादी युक्ती आहे.

‘हे धर्माविरुद्ध आहे,’ असेही काही उपासक म्हणतील. सिगालोवाद सुत्तात पती व पत्नी यांचीच परस्पर कर्तव्ये सांगितली आहेत, हे खरे आहे. परंतु सन्मान आणि एकनिष्ठा हे त्या कर्तव्यांचे सार आहे, आणि ते पाळणे कोणत्याही दोन माणसांना शक्य आहे. बौद्ध धम्मात विवाह हा ईश्वराने बांधलेला संस्कार नाही. तो माणसांनी माणसांशी केलेला करार आहे. तिसरे शील फसवणुकीस व जबरदस्तीस मनाई करते, निष्ठेस नव्हे. बौद्धबहुल थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह व त्याबरोबर दत्तकाचा हक्क कायद्याने मान्य झाला आहे. त्यामुळे तेथील विहार ओस पडलेले नाहीत.

बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक प्रसंग आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली, हा गुन्हा. त्या शंकांत समलिंगी आकर्षणाचीही होती. कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ज्या विषयाचे नाव काढण्यास सभ्य समाज लाजत होता, त्यावर विवेकाने बोलण्याचा हक्क आहे, ही बाजू त्यांनी भर न्यायालयात मांडली. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी संविधानिक नीतिमत्ता अंगी बाणवावी लागते असे बजावले, आणि त्याच तत्त्वाच्या आधारे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून मुक्त केले.

कायदा करणे हे संसदेचे काम आहे, असे न्यायालय म्हणते. ठीक आहे, मग संसदेने ते करावे. हिंदू कोड बिलाच्या वेळीही बहुसंख्यांचे मत विरुद्ध असल्याचा डांगोरा पिटला गेला होता, आणि ते बिल रखडल्यानेच बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली २०२४ साली समिती नेमली गेली. संयुक्त बँक खाते व नामनिर्देशन यांस आडकाठी नाही, असा खुलासा त्याच वर्षी झाला. हे स्वागतार्ह आहे. पण खातेपुस्तक म्हणजे कुटुंब नव्हे.

तोवर आपण काय करावे? आपल्या घरात असा मुलगा वा अशी मुलगी असेल, तर तिला मांत्रिकाकडे नेऊ नका आणि बळेच बोहल्यावर चढवू नका. त्यात दुसऱ्या एका निरपराध घराचाही नाश असतो. ज्यांनी असा संसार मांडला आहे त्यांनी मृत्युपत्र करावे, नामनिर्देशन करावे आणि मुलाच्या पालकत्वाविषयीची इच्छा लेखी नोंदवावी; न्यायालय मुलाचे हित पाहते, तेव्हा असा लेख उपयोगी पडतो. आपल्या विहारात अशा मुलाला घेऊन दोन माता आल्या, तर त्यांना इतरांबरोबर बसवा. पाणवठ्यावरून हाकलले गेलेले लोक आपण. आपल्या पाणवठ्यावरून कोणी तहानलेला परत जाता कामा नये.