त्याच्या जामिनाला आपला सातबारा देऊ नका



थॉमसनच्या प्लॉटला खरड छाटणी होऊन तीस दिवस झाले. सात पानांवर शेंडा मारायचं काम चालू आहे, फोटो उद्या टाकतो. आज दुसरंच लिहायचंय.

काल संध्याकाळी बागेतच होतो, फोन आला. मागच्या वर्षी आपला माल नेऊन गायब झालेल्या व्यापाऱ्याचा दलाल. "भाऊ, एक लाख उद्याच्या उद्या खात्यावर टाकतो. जामिनाला हरकत नाही एवढंच लिहून द्या. माणूस बाहेर आला की बाकीचेही देईल."

एका एकराचा ९२ क्विंटल माल, ४१ रुपये किलोनं काटा झाला होता. पन्नास हजार विसार मिळाला, बाकीचा चेक. तो चेक परत आला. म्हणजे ३ लाख २७ हजार २०० रुपये त्याच्याकडं अडकलेत. खोटं कशाला बोलू, रात्री झोप लागली नाही. छाटणीच्या मजुरांचे निम्मे पैसे अजून द्यायचेत. सकाळी मंडळी म्हणाली, "एक लाख घ्या, पण मग बाकीच्या सव्वादोन लाखांवर पाणी सोडलं असंच समजा." दलालाला नाही म्हणून कळवलं.

पण हा फोन मला एकट्याला आलेला नाही. आपल्या शिवारातल्या दोघांना तर जामीनदार म्हणून सातबारा मागितलाय. "तुमचे पैसे पहिले चुकते करतो," असं सांगून. म्हणून लिहितोय. बाबांनो, सही करू नका. तो तारखेला आला नाही, तर जामीनपत्राची रक्कम कोर्ट जामीनदाराकडून वसूल करतं. पळणार तो आणि भरणार आपण. एकदा द्राक्षं गेली, आता जमिनीचा कागदही त्याच्याच कामाला लावायचा?

परवा चहा पिताना एक कृषी पदवीधर मित्र म्हणाला, "अहो, जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद. कोर्टानंच सांगितलंय." बरोबर आहे त्याचं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ साली राजस्थान विरुद्ध बालचंद या प्रकरणात ते लिहिलं, आणि मला ते मान्य आहे. जामीनदार मिळत नाही म्हणून गरीब माणसं वर्षानुवर्षं कच्च्या कैदेत पडून असतात, ते पाप आहे. पण त्याच निकालात अपवादही सांगितलाय. आरोपी न्यायापासून पळून जाईल अशी चिन्हं असतील तर वेगळा विचार. लोक अर्धंच वाक्य पाठ करतात.

आता चिन्हं बघा. चार महिन्यांसाठी भाड्याची खोली, भाड्याचं शेड. शेवटची गाडी भरली त्याच दिवशी मोबाइल बंद. तेरा महिने पत्ता नाही. पोलिसांना सापडला तो दुसऱ्या राज्यात, दुसऱ्याच्या नावावरचं सिम वापरून तिथल्या मार्केटात डाळिंबं घेताना. इथं त्याचं घर नाही, गुंठाभर जमीन नाही, पोरं इथल्या शाळेत नाहीत. तो दोषी की निर्दोष हे खटल्यात ठरेल, ते ठरवणारा मी कोण? पण बोलावल्यावर येईल का, या प्रश्नाचं उत्तर त्यानं स्वतःच तेरा महिने दिलंय.

त्याचा वकील म्हणेल, फसवणुकीला सात वर्षांपर्यंतचीच शिक्षा आहे, अशा गुन्ह्यात अटकच सरसकट करायची नसते. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात तसं बजावलंय खरं. पण अटक केल्याशिवाय माणूस कोर्टात हजर राहणार नाही असं दिसत असेल, तर ते अटकेचं कारण म्हणून कायद्यातच लिहिलेलं आहे.

आणि "बाहेर आलो की पैसे देतो" याचं काय? महाराष्ट्रातल्याच एका अपहाराच्या प्रकरणात आरोपीनं पैसे भरण्याची हमी देऊन जामीन मिळवला आणि नंतर हमी पाळली नाही. त्यावर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पैसे भरण्याच्या हमीवर जामीन देऊ नका, गुणदोष बघून निर्णय घ्या. दलालाला हे ठाऊक असणार. म्हणूनच त्याला आता आपल्या सह्या पाहिजेत.

मोठ्यांचं उदाहरण देतो. नीरव मोदी १ जानेवारी २०१८ ला देश सोडून गेला, सीबीआयचा गुन्हा त्याच महिन्याच्या शेवटी दाखल झाला. मार्च २०१९ मध्ये लंडनला पकडला गेला. तिथं त्यानं जामिनासाठी आधी पाच लाख, मग वीस लाख पौंड ठेवायची तयारी दाखवली. कोर्टानं पुन्हा पुन्हा नाहीच म्हटलं. प्रशांत महासागरातल्या वानुआतू नावाच्या बेटांच्या देशाचं नागरिकत्व मिळवायची त्याची खटपटही न्यायाधीशांनी विचारात घेतली. कोट्यवधी ठेवणाऱ्यावर तिथलं कोर्ट विश्वास ठेवत नाही आणि आपण एक लाखावर ना हरकत लिहून द्यायची?

कामाचं सांगतो. जामिनाच्या सुनावणीत फसवल्या गेलेल्याला आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे. लखीमपूर खेरीच्या प्रकरणात, जिथं शेतकरी गाडीखाली चिरडले गेले, सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं आणि दिलेला जामीन रद्द केला. आपण सरकारी वकिलांमार्फत लेखी हरकत देतोय. अर्ज तयार आहे, आतापर्यंत अकरा जणांच्या सह्या झाल्या.

दुसरं, अटकेला तीन आठवडे झालेत. या गुन्ह्यात ६० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर जामीन हा त्याचा हक्कच होतो, मग आपली हरकत कितीही खरी असो. तपास अधिकारी पावत्या मागून थकलेत आणि आपल्यातले काही जण अजून कपाटं धुंडाळतायत. काट्याची चिठ्ठी, चेकची झेरॉक्स, बँकेचा परतीचा मेमो, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, जे असेल ते द्या. चिठ्ठी हरवली असेल तर गाडी भरताना कोण कोण होतं त्यांची नावं द्या.

सुनावणी गुरुवारी, कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागायच्या आत. साडेदहाला आवारातल्या कडुनिंबाखाली जमू. माझं शेंडा मारायचं काम मी बुधवारीच उरकतोय. पिकअपमध्ये सहा जणांची जागा आहे, कोणाला यायचं असेल तर रात्रीच सांगा.