खड्डे पुरे झाले, आता निगा राखा

पावसाळा तोंडावर आला की सोलापुरात स्वयंसेवकांच्या हाती रोप आणि कुदळ येते. राज्याच्या मोहिमांनीही हीच सवय लावली: २०१६ मध्ये २ कोटी रोपांपासून सुरू झालेले उद्दिष्ट २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेले. हेतू चांगलाच होता. पण जाहीर होतो तो लावलेल्या रोपांचा आकडा. तीन उन्हाळे काढून जगलेल्या झाडांची मोजदाद क्वचितच होते. म्हणून माझे म्हणणे असे, की इथल्या बागा, वनविहार आणि माळ यांना नव्या रोपांपेक्षा निगेची गरज अधिक आहे आणि स्वयंसेवकांचे खरे काम तेच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या शहरात झाडांना नाही म्हणायचे? नाही म्हणायचे नाहीच. रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात झाडे हवीतच. पण साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि मुरमावर मातीचा पातळ थर असलेला माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे; तिथे गवतच नांदायचे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर १९७९ मध्ये अभयारण्य झाले ते माळढोकासाठी. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि शत्रू लांबूनच दिसावा म्हणून त्याला मोकळा माळ लागतो. अशा जागी गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली, की हिरवळ वाढल्याचे समाधान माणसाला मिळते, माळढोकाची जागा मात्र जाते. काळवीट आणि लांडगा यांचेही घर हाच माळ. इथे करायचे काम म्हणजे घाणेरी मुळासकट काढणे आणि गाजरगवत फुलण्याआधी उपटणे.

पायवाटेचे काम तर कोणाच्या खिजगणतीतही नसते. आपल्याकडचा पाऊस मोजक्या जोरदार सरींत कोसळतो. उतारावरच्या सरळ वाटेने पाणी धावते, वाटेची घळ होते, लोक कडेने चालू लागतात, कडेचे गवत तुडवले जाते आणि सुटलेली माती तलावात जाऊन बसते. उपाय साधा आहे: वाटेवर तिरपी दगडी ओळ बसवून पाणी बाजूला काढायचे आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर तिथला गाळ उपसायचा. याला जेसीबी नको, पुन्हा पुन्हा येणारे हात हवेत.

‘आम्ही कर भरतो, मग राबायचे का?’ हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे. माळ्याचा पगार वाचवण्यासाठी स्वयंसेवक वापरणे हा अन्यायच. परंतु निसर्गाचे रक्षण हे १९७६ पासून संविधानाच्या ५१-अ कलमाने नागरिकाचेही कर्तव्य ठरवले आहे. शिवाय ज्याने स्वतः चर उपसला, तोच अधिकाऱ्याला नेमका प्रश्न विचारू शकतो. तिसरा आक्षेप अडाणी हातांचा. तोही खरा, म्हणूनच वनस्पती ओळखण्याचे शिक्षण आधी हवे, गाजरगवताची ॲलर्जी टाळायला हातमोजे हवेत आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल नको.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव उभारला, असे परंपरा सांगते. त्याचा अभिमान मिरवणाऱ्या शहराला हे सांगायला नको, की तलाव एकदा खणून भागत नाही, गाळ काढतच राहावा लागतो. तेव्हा येत्या ५ जूनला, पर्यावरण दिनी, संस्थांनी रोपांचा आकडा जाहीर करू नये. प्रत्येकीने एक वाट किंवा माळाचा एक तुकडा तीन वर्षांसाठी पत्करावा आणि दर उन्हाळ्याअखेर तिथे काय टिकले, काय गेले, याचा हिशेब लोकांपुढे मांडावा.