केबल तुटली तर खर्च कोणाचा?



‘भारतनेट’ या केंद्राच्या इंटरनेट योजनेची केबल वऱ्हाडातल्या ग्रामपंचायतींपर्यंत आली, पण ती तुटली तर कोणी आणि कोणाच्या पैशाने जोडायची, हे सरपंचालाही धड सांगता येत नाही. नळयोजनेच्या खोदकामात जेसीबीचा दात लागतो, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या पेटीत लाल दिवा लागतो आणि ई-केवायसीला आलेली म्हातारी माणसे तालुक्याला धाडली जातात. भाडे त्यांचे, बुडालेली मजुरीही त्यांचीच.

घोळाचे मूळ कामाच्या वाटणीत आहे. २०११ साली मंजूर झालेल्या या योजनेचा पहिला टप्पा केंद्राच्या कंपनीने केला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने आपल्या ‘महाआयटी’ कंपनीमार्फत ‘महानेट’ उभारायला घेतले. पैसा केंद्राचा, काम राज्याचे, पेटी ग्रामपंचायतीत. तक्रार मग या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. दूरसंचार हा राज्यघटनेनुसार केंद्राचा विषय. कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के रक्कम ग्रामीण दूरसंचारासाठीच्या केंद्राच्या निधीत जाते आणि हा महसूल आपल्याच रिचार्जमधून येतो. म्हणजे अकोटच्या शेतमजुराने आपला वाटा आधीच भरलेला आहे. केंद्राने २०२३ मध्ये सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले आणि त्यात देखभालही धरली, हे चांगलेच झाले. दुरुस्तीचा खर्च तिथूनच यायला हवा.

राज्याचे काम वेगळे आहे. रस्ते त्याचे, नळयोजनेचे कंत्राटदारही त्यानेच नेमलेले. केबल तोडणाऱ्याच्या बिलातून जोडणीचा खर्च कापून घेणे राज्याच्याच हातात आहे. धारणी-चिखलदऱ्यात जंगलातून केबल न्यायला वनखात्याची परवानगी लागते. तिचा पाठपुरावाही राज्यानेच करावा, तो एकट्या सरपंचाच्या आवाक्यातला नाही.

आणि ग्रामपंचायतीवर नवा बोजा मुळीच नको. पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखीव होता. उरलेल्यात गटारे, दिवाबत्ती, अंगणवाडीची डागडुजी. ग्रामपंचायतीने खोली द्यावी, वीज द्यावी, पेटीवर लक्ष ठेवावे. खेड्यांच्या तुटपुंज्या निधीतून इंटरनेटची दुरुस्ती करायला लावणे हा अन्याय आहे.

अकोला व अमरावती जिल्हा नियोजन समित्यांनी पुढच्याच बैठकीत गावनिहाय यादी मांडावी: कुठली जोडणी सुरू, कुठली कधीपासून बंद आणि दुरुस्ती कोणत्या अधिकाऱ्याकडे. त्याचा फोन नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

— एक वाचक, अकोट (जि. अकोला)