आवरणाऱ्या पेशी

‘अनुमस्तिष्क शरीराचा तोल सांभाळतो.’ शाळेत ही ओळ पाठ केली की एक मार्क मिळतो आणि विषय संपतो. ओळ चूक नाही, पण मला ती फसवी वाटते. तोल सांभाळतो म्हणजे नक्की करतो काय? तर बराच वेळ ‘थांब’ म्हणत असतो!

पुर्किन्ये ह्या चेक शास्त्रज्ञाने १८३७ मध्ये अनुमस्तिष्कातल्या काही मोठ्या पेशींचं वर्णन केलं. पुस्तकात दाबून ठेवलेल्या पिंपळपानासारखा चपटा, फांद्याफांद्यांचा पसारा. एकेका पेशीवर लाखभर जोडण्या. एवढ्या सगळ्यांचं ऐकून घेऊन ही बया पुढच्या पेशींना सांगते काय, तर ‘गप्प बसा’! अनुमस्तिष्काच्या वरच्या थरातून बाहेर जाणारा हा एकमेव निरोप, आणि तोही नकाराचा. जपानच्या मासाओ इतो ह्यांनी १९६० च्या दशकात हे दाखवून दिलं. (‘निरोधक’ हा पारिभाषिक शब्द काढला की मागच्या बाकांवर खसखस पिकते, म्हणून मी आपलं ‘आवरणाऱ्या पेशी’ म्हणतो.)

चहाचा कप उचलून बघा. दंडाचा पुढचा स्नायू हात वाकवतो. तो वेळेत आवरला नाही, मागच्या स्नायूने ब्रेक लावला नाही, तर कप ओठांऐवजी नाकावर. पहिल्या महायुद्धात गोळी लागून अनुमस्तिष्क जायबंदी झालेले सैनिक गॉर्डन होम्स ह्या ब्रिटिश डॉक्टरने तपासले. असा माणूस जोर लावून हात ओढत असताना समोरच्याने धरलेला हात अचानक सोडला, की तो त्याच्याच अंगावर आदळतो. आपण जागच्या जागी सावरतो. म्हणजे जोर आहे, लगाम नाही.

आणि इथेच ती एक मार्काची ओळ महागात पडते. अनुमस्तिष्काचा आजार झालेला माणूस पाय फाकून, झोकांड्या खात चालतो, बोलताना अडखळतो. दारूचा परिणामही ह्याच भागावर होतो, त्यामुळे दिसायला दोघं सारखेच. मग बसमध्ये लोक नाक मुरडून बाजूला सरकतात, ‘सकाळी सकाळीच?’ म्हणतात. त्याने सकाळपासून चहाशिवाय काही घेतलेलं नसतं, आणि तोही अर्धा सांडलेला असतो.

माझं म्हणणं एवढंच, की पुस्तकात त्या ओळीखाली आणखी एक वाक्य छापा: अनुमस्तिष्क बिघडलेला माणूस दारू न पिताही तसाच चालतो. जागा नसेल तर चेतापेशीच्या आकृतीतली दोन नावं कमी करा.