ई-मेलचे दप्तर आणि कोर्टाची पायरी

जनार्दनस्वामींच्या हिशेबातील एका पैची चूक पैठणच्या एकनाथांनी देवगिरीवर रात्रभर जागून शोधून काढली, ही कथा मराठवाड्यात सर्वश्रुत आहे. त्याच पैठणच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखानदाराला तीन वर्षांपूर्वी पाठवलेला एक ई-मेल हजर करण्यास सांगितले, तर किती रात्री लागतील?

प्रश्न थट्टेचा नाही. मालाचा दर, पुरवठ्याची मुदत, दर्जाविषयीची तक्रार हे सारे आता ई-मेलवरच ठरते. बॉक्साइटच्या पुरवठ्यावरून झालेल्या ट्रायमेक्स विरुद्ध वेदान्त ॲल्युमिनियम या वादात, स्वतंत्र करारपत्रावर सह्या झाल्या नसल्या तरी ई-मेलमधून झालेला करार बंधनकारक ठरतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच दिला. मात्र असा ई-मेल न्यायालयात सिद्ध कसा करायचा, याचा धडा मिळाला तो शेजारच्या जालन्याच्या निवडणुकीतून.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा अवघ्या २९६ मतांनी पराभव केला. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला, हा आक्षेप. पुरावा होता निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाचा. पण त्या सोबत जोडावयाचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती कायम ठेवताना नियम मात्र कडक केला: मूळ उपकरणच हजर केले तर गोष्ट वेगळी, एरवी प्रतीसोबत कलम ६५-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य. सर्व प्रयत्न करूनही ते मिळाले नाही, तरच सवलत. अर्जदारांनी प्रयत्न केले होते, म्हणून ते तरले. स्वतःच्याच संगणकातील ई-मेल दाखवू पाहणाऱ्या कंपनीला ही सबब कशी मिळणार?

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. त्याच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग झाले. एक संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. शिवाय नोंदीचे ‘हॅश’ मूल्य द्यावे लागते. हा त्या फाइलचा जणू अंगठा. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी तो बदलतो. ई-मेलची छापील प्रत काढून वकिलाच्या हाती दिली की काम झाले, हा समज त्यामुळे महागात पडेल.

खरी अडचण लहान कारखान्यांची आहे. पत्रव्यवहार व्यवस्थापकाच्या खासगी, फुकटच्या खात्यावरून चालतो; तो नोकरी सोडतो आणि दप्तरही त्याच्याबरोबर जाते. मोठ्या कंपन्यांत उलटा प्रकार: जागा वाचवण्यासाठी जुने ई-मेल ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जातात. हिशेबाची पुस्तके ८ आर्थिक वर्षे जपण्याचे बंधन कंपनी कायद्यात आहे. करारभंगाच्या दाव्याची मुदत साधारणपणे ३ वर्षे. मग वर्षभरात ई-मेल पुसण्यात कोणते शहाणपण?

वादाची चाहूल लागताच, निदान वकिलाची नोटीस येताच, हे पुसणे त्या विषयापुरते थांबवणे ही पहिली पायरी. अमेरिकेत झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या खटल्यात सूचना देऊनही बँकेच्या कर्मचाऱ्यांनी ई-मेल पुसले. न्यायाधीशांनी ज्युरीला बँकेविरुद्ध अनुमान काढण्याची मुभा दिली आणि २००५ मध्ये २ कोटी ९० लाख डॉलरहून अधिक भरपाईचा निकाल लागला. आपल्याकडेही दडवलेला पुरावा दडवणाऱ्याच्या विरोधातच असेल, असे न्यायालय गृहीत धरू शकते. पुरावा म्हणून हजर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हाच असून त्यास ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

यासाठी महागडी यंत्रणा लागतेच असे नाही. कंपनीच्या नावाचे खाते, कर्मचारी गेल्यावरही कंपनीकडेच राहणारा पासवर्ड, वेगळ्या जागी ठेवलेली प्रत आणि उद्या प्रमाणपत्रावर सही कोण करणार त्याचे नाव, एवढे आजच ठरवता येते. हे शेवटचे नाव बहुतेक ठिकाणी समन्स आल्यावर शोधले जाते.